ज्ञापन हातात पडलं की

ज्ञापन, म्हणजे सरकारी नोकरावरचे आरोप कळवणारा खात्याचा कागद, घेऊन शिपाई दारात आला की ते घ्या. सही करा आणि सहीखाली तारीख-वेळ स्वतःच्या हाताने लिहा. "मी घेत नाही, साहेबांना सांग" असं म्हणून त्याला परत पाठवणारे बरेच मी पाहिलेत. त्यांना वाटतं, कागद घेतला नाही म्हणजे प्रकरण लांबलं. प्रत्यक्षात नाकारल्याचा शेरा पडतो, दोन पंचांसमक्ष दारावर डकवल्याचा पंचनामा होतो आणि मुदत चालू होते. फरक एवढाच की आरोप काय आहेत ते फक्त तुम्हालाच माहीत नसतं.

मी महसूल खात्यात ३३ वर्षं काढली. त्यातली अकरा आस्थापना शाखेत गेली. तिथे अशी ज्ञापनं मीच टाईप करून बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, नेऊन द्यायची. पुढे सहा सहकाऱ्यांची बचाव सहायक म्हणून चौकशीत त्यांच्या शेजारी बसले. आता निवृत्त होऊन रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ राहते, तरी फोन येतात. बहुधा संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. "ताई, ज्ञापन आलंय, उद्याच खुलासा देऊन टाकतो." माझं उत्तर ठरलेलं आहे: उद्या काहीही द्यायचं नाही.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते. १९९८ साली मला एक कारणे दाखवा नोटीस आली. एक नोंदवही तपासणीला सादर झाली नव्हती. मी त्याच रात्री घरी बसून खुलासा लिहिला: नजरचुकीने राहून गेले, क्षमस्व, पुन्हा असे होणार नाही. वरिष्ठांपुढे नम्र राहावं, विषय मिटावा, एवढाच हेतू होता. खरं तर ती नोंदवही दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या टेबलाकडे गेलेली होती आणि कार्यभार यादीत तशी नोंदही होती. यादी काढून बघायला मला अर्धा तास लागला असता. पुढे त्याच विषयावर ज्ञापन निघालं, तेव्हा माझं ते "क्षमस्व" कबुली म्हणून जोडलेलं होतं. ठपका बसला, सेवापुस्तकात नोंद झाली. माफीचं ते वाक्य मला आजही पाठ आहे.

तर आधी कागद कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. साधी कारणे दाखवा नोटीस असेल, तर अजून शिस्तभंगाची कारवाई सुरू झालेली नाही, पण तुमचा खुलासा पुढे वापरला जाणार आहे हे धरून चाला. ज्ञापन असेल, तर त्यात नियम कुठला लिहिलाय ते बघा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. त्यातल्या नियम १० खाली ज्ञापन आलं, तर किरकोळ शिक्षेचा विचार आहे: ठपका, पदोन्नती रोखणे, झालेलं नुकसान पगारातून वसूल करणे, वेतनवाढ रोखणे. नियम ८ खाली आलं, तर जबर शिक्षा होऊ शकते: पगाराच्या खालच्या टप्प्यावर किंवा खालच्या पदावर आणणे, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे, बडतर्फी. शेवटच्या दोन शिक्षा लोक एकच समजतात. सेवेतून काढून टाकलं तरी पुढे सरकारी नोकरीला बंदी येत नाही. बडतर्फ झाल्यावर सर्वसाधारणपणे ते दारही बंद होतं.

ग्रामसेवक किंवा प्राथमिक शिक्षक असाल, तर तुम्ही जिल्हा परिषदेचे. तुम्हाला १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम लागतात. शब्द बरेचसे तेच, पण नियमांचे आकडे आणि अपिलाची वाट वेगळी. शेजारच्या तलाठ्याचा खुलासा उतरवून काढणाऱ्या शिक्षकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

नियम ८ च्या ज्ञापनासोबत चार जोडपत्रं असतात. पहिल्यात दोषारोपाच्या बाबी, दुसऱ्यात प्रत्येक बाबीचं तपशीलवार विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. लोक पहिलं वाचून हादरतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही तिसरं आणि चौथं आधी वाचा. आरोप कितीही भारी भाषेत असो, तो शाबीत करायला प्रशासनाकडे काय आहे ते तिथे दिसतं. पहिल्या जोडपत्राचा शेवट बहुतेक एकाच ठशाचा असतो: नितांत सचोटी व कर्तव्यपरायणता न राखून वर्तणूक नियम, १९७९ मधील नियम ३ चा भंग केला. हे वाक्य वाचून घाबरू नका, ते जवळजवळ प्रत्येक ज्ञापनात असतं. तारीख, ठिकाण, रक्कम, कोणती कृती हे नेमकं सांगितलंय का, ते पाहा. "वारंवार गैरहजर असतो" हा आरोप मोघम आहे. कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, रजेचा अर्ज होता की नव्हता, हे त्यांनी सांगायला हवं.

गैरहजेरीवरून आठवलं. आपल्याकडे गणपतीनंतर अशा नोटिसा हमखास निघतात. पाच दिवसांची रजा, गौरी-गणपती होईपर्यंत आठ दिवस, मग घरात कुणीतरी तापाने आजारी, आणि अर्ज मात्र मागाहून. २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे शाबीत झालं पाहिजे, नुसती गैरहजेरी पुरेशी नाही. म्हणून डॉक्टरांचा कागद, पाठवलेला निरोप, पोस्टाची पावती, व्हॉट्सअॅपवर साहेबांना टाकलेला संदेश, सगळं जपून ठेवा. पण आधी अर्ज द्या आणि मग गावी जा, हेही कळकळीने सांगते.

बचावाच्या निवेदनाला मुदत ज्ञापनातच लिहिलेली असते, बहुधा दहा दिवस. त्या दहा दिवसांत पहिला अर्ज कागदपत्रांसाठी करायचा: जोडपत्र तीनमधल्या प्रती मिळाव्यात, मूळ कागद पाहू द्यावेत, तोवर मुदत वाढवून मिळावी. अर्ज दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर बारनिशीचा शिक्का आणि क्रमांक घ्या, आणि ती प्रत घरी ठेवा. ऑफिसच्या कपाटात नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कपाटांच्या खालच्या कप्प्यांतल्या फायलींचा लगदा झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तळमजल्यावरच्या कागदाचा आमच्या किनारपट्टीवर भरवसा नाही.

निवेदन लिहिताना बाबवार लिहा. बाब १ अमान्य, कारण अमुक. बाब २ अमान्य, कारण तमुक. जे खरोखर घडलंय ते खोटं म्हणून नाकारू नका, पण त्याला आरोपाचं रूप आपल्या हातून देऊ नका. "अहवाल १२ तारखेला दिला" हे मान्य करता येतं. "अहवाल देण्यात दिरंगाई केली" हे मान्य करायचं नाही. साहेबांच्या स्वभावाबद्दल, इतर किती लोक असंच करतात याबद्दल, स्वतःच्या हलाखीबद्दल एक ओळही नको. लिहून झालं की दोन दिवस बाजूला ठेवा. मग घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला ऑफिसातलं काही कळत नाही. माझ्या मिस्टरांची आंब्याची कलमं आहेत, सरकारी भाषेशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी एका निवेदनावर बोट ठेवून विचारलं होतं, "ह्या वाक्यात चूक तुझ्या मित्राची आहे असंच दिसतंय, मग पुढे भांडतोय कशाला?" बरोबर होतं त्यांचं. ते वाक्य काढलं.

निलंबन झालं असेल तर ती शिक्षा नव्हे, हे आधी घरी आई-वडिलांना समजावून सांगा. गावात "सस्पेंड झाला" म्हणजे नोकरी गेली असाच अर्थ लावतात आणि म्हातारी माणसं अंथरूण धरतात. ४८ तासांपेक्षा जास्त काळ पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत राहावं लागलं, तर निलंबन मानीव होतं, म्हणजे आपोआप झालेलं धरलं जातं. इतर वेळी प्राधिकाऱ्याचा, म्हणजे शिक्षेचा अधिकार असलेल्या वरिष्ठांचा, आदेश लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालानंतर राज्य शासनाने ९ जुलै २०१९ ला निर्णय काढला: निलंबनापासून ९० दिवसांत दोषारोपपत्र, म्हणजेच ज्ञापन, बजावलं नाही, तर निलंबन संपवण्यावाचून पर्याय राहत नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी या निर्णयाचा हवाला देऊन अर्ज करा. कुणी आपणहून फाईल काढील याची वाट बघू नका.

निर्वाह भत्ता पहिल्या तीन महिन्यांसाठी अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका असतो, त्यावर महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर आढावा घेऊन तो निम्म्याने वाढवता येतो. लांबण तुमच्यामुळे झाली असं ठरलं, तर निम्म्याने कमीही होतो. आपण दुसरी नोकरी-धंदा करत नाही असं प्रमाणपत्र दिल्याशिवाय तो निघत नाही. आमच्याकडचा एक कनिष्ठ लिपिक रागाने ऑफिसात पाऊल टाकायचा नाही, आणि ते प्रमाणपत्रही कुणाबरोबर पाठवायचा नाही. जूनपासून भाद्रपदापर्यंत घरात एक पैसा आला नाही. मूर्ती सांगितलेली होती, ती सोडवायला त्याच्या बायकोने पाटल्या सोसायटीत ठेवल्या. मला हे कळलं तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन चार महिन्यांची प्रमाणपत्रं लिहून घेतली. पंधरवड्यात रक्कम मिळाली. हक्काचा पैसा रागापायी अडवून ठेवू नका. आणि निलंबनकाळात ठरवून दिलेलं मुख्यालय परवानगीशिवाय सोडू नका, त्यातून नवा आरोप उभा राहतो.

आरोप नाकारल्यावर चौकशी अधिकारी आणि प्रशासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमले जातात. तुम्हाला बचाव सहायक म्हणून दुसरा शासकीय कर्मचारी घेता येतो. सादरकर्ता अधिकारी वकील असेल किंवा प्राधिकाऱ्याने परवानगी दिली, तरच वकील मिळतो. सहायक निवडताना जोरात बोलणारा नको. तारखा पाठ ठेवणारा घ्या.

प्रकरण कोकण भवनला असेल, तर रत्नागिरीहून बेलापूर म्हणजे अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर थांबतात. सकाळी अकराची सुनावणी असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. अडकलातच, तर स्टेशनावरून ई-मेल करा, फोन करा, आणि पोचल्यावर लेखी अर्ज द्या. न कळवता दोन तारखा चुकल्या की एकतर्फी चौकशी सुरू होते. एकतर्फी झाली तरी प्रशासनाला साक्षी-पुरावा मांडावाच लागतो, पण उलटतपासणी करायला तुम्ही नसता.

उलटतपासणी म्हणजे काय, ते एका प्रकरणावरून सांगते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ उत्तर कोकणातून गेलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका तलाठ्याकडे त्याची सजा, म्हणजे त्याच्याकडची गावं, सोडून शेजारच्या सजेचेही नुकसानीचे पंचनामे आले. पुढे वर्षभराने ज्ञापन निघालं आणि निलंबनही झालं. बाब १: ५ जूनला नेमून दिलेल्या सजेत हजर नव्हता. बाब २: एका खातेदाराच्या सुपारीच्या बागेचा पंचनामा जागेवर न जाता केला. बाब ३: अहवाल उशिरा सादर केला. तो मला म्हणाला, "ताई, त्या दिवसांत मी झोपलोसुद्धा नाही. मी साक्षीत सगळं सांगतो." मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, जावक नोंदवही माग.

सजेचा अतिरिक्त कार्यभार देणारा आदेश ५ तारखेचा होता. वीज नव्हती, टॉवर पडलेले होते, रस्त्यावर झाडं आडवी. जावक नोंदवहीत तो आदेश ६ तारखेला निघालेला दिसला. मंडळ अधिकाऱ्याच्या कार्यालयात पोचल्याची सही ६ तारखेची, दुपारी चारची. सादरकर्त्यांच्या साक्षीदाराला, म्हणजे आस्थापनेच्या लिपिकाला, मी तीनच प्रश्न विचारले. ही नोंद तुमच्या हातची का? हो. ही तारीख ६ जून आहे का? हो. ५ जूनला हा आदेश माझ्या पक्षकाराला मिळणं शक्य होतं का? तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. पानाचा कोपरा दमटपणाने फुगलेला होता, तो त्याने बोटाने दाबून सपाट केला आणि म्हणाला, "नाही." यापुढे एकही प्रश्न विचारायचा नसतो. "मग खोटा आरोप का केलात?" असं विचारायची तोंडावर आलेली इच्छा गिळावी लागते, कारण त्या प्रश्नाला साक्षीदार वाटेल ते उत्तर देऊ शकतो.

दुसऱ्या बाबीसाठी पंच आला होता, सत्तरीचा शेतकरी. ज्ञापनाआधीच्या प्राथमिक चौकशीतल्या त्याच्या जबाबात "तलाठी बागेत आला नाही" असं टाईप केलेलं होतं. मी विचारलं, जबाब कुणी लिहिला? "सायबांनी." वाचून दाखवला का? "न्हाय. सही कर म्हणाले." तलाठी कुठपर्यंत आले होते? "बागंत शिरायलाच रस्ता नव्हता वो. पोफळी आडव्या पडलेल्या. बांधावर हुबं राहून मोजल्यान त्यानं, मी बरोबर हुतो." हे उत्तर रोजनाम्याबरोबरच्या, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीबरोबरच्या, साक्षीत शब्दशः आलं पाहिजे, म्हणून मी चौकशी अधिकाऱ्यांना तिथेच विनंती केली आणि सही करण्यापूर्वी तलाठ्याला ओळ न् ओळ वाचायला लावली. साक्षीखाली सही करताना घाई करू नका. चुकलेला शब्द त्याच बैठकीत दुरुस्त होतो, नंतर होत नाही. आणि प्राथमिक चौकशीतला जबाब देणारा माणूस समोर आलाच नाही, तर त्या जबाबावर विसंबण्याला लेखी हरकत घ्या. कागदसुद्धा कुणीतरी येऊन शाबीत करावा लागतो, हे रूपसिंग नेगी प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय.

एक मात्र मनात धरा: इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. कुठली बाजू अधिक संभवनीय, एवढ्यावर निष्कर्ष निघतो. म्हणून "त्यांनी शाबीत करावं" म्हणून हात बांधून बसू नका, तुमचे कागद, तुमचे साक्षीदार मांडा. शेवटी लेखी टिपण देता येतं, ते चुकवू नका.

चौकशी अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. महंमद रमझान खान प्रकरणातल्या १९९० च्या निकालापासून ते पक्कं झालंय. १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षेबाबत वेगळी नोटीस द्यावी लागत नाही, त्यामुळे अहवालावरचं अभिवेदन, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, हीच शिक्षेपूर्वीची शेवटची संधी. चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष ठरवलं आणि प्राधिकाऱ्याला ते पटलं नाही, तर असहमतीची कारणंही तुम्हाला आधी कळवावी लागतात.

आदेश मिळाल्यापासून अपिलाला ४५ दिवस. बंद पाकीट उघडायचा धीर होत नाही म्हणून देव्हाऱ्यात ठेवून दिलेलं मला ठाऊक आहे. दिवस पाकीट मिळाल्यापासून मोजतात. अपील फेटाळलं, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे एक वर्षात जाता येतं. सहा महिने अपिलावर निर्णयच झाला नाही, तरी ती वाट त्यानंतर वर्षभर खुली असते. जिल्हा परिषदेच्या लोकांना न्यायाधिकरण नाही, त्यांना उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहेत, तेव्हा त्यासाठी मुंबई गाठायला नको.

त्या तलाठ्याच्या बाब १ आणि २ शाबीत झाल्या नाहीत. बाब ३ साठी ठपका बसला. तो पेढे घेऊन आला. मी आदेश वाचला, तर निलंबनाच्या सात महिन्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तो काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, याचा स्वतंत्र आदेश लागतो. नाहीतर पगाराचा फरक, वेतनवाढीची तारीख आणि निवृत्तिवेतन तिन्हींवर परिणाम होतो. पेढा बाजूला ठेवून आम्ही तिथेच पडवीत अर्ज लिहिला. चार महिन्यांनी आदेश आला, सात महिने कर्तव्यकाळ धरले. मग मी त्याला सेवापुस्तक बघायला पाठवलं. नोंद झालेली होती, पण तिच्याखाली कार्यालय प्रमुखांची सही नव्हती. ती त्याने दुसऱ्या दिवशी घेतली आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला.